नाताळसाठी घरी बदकं वाढवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की वसईतून, उत्तनहून, कधी थेट गोव्याहून मेसेज यायला लागतात: "यंदा नाताळला बदक घरचंच करायचंय, काय करू?" आमच्याकडे नाताळच्या जेवणात बदक मोईल, म्हणजे मसाल्यात शिजवलेलं बदक, हवंच. बाजारात मात्र चांगलं बदक वेळेवर मिळेल याचा भरवसा नसतो. मी घरच्या वाडीत दरवर्षी वीस-पंचवीस बदकं वाढवते. तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. बहुतेक पिल्लं एकाच कारणाने दगावतात: माणसं बदकाला मोठी कोंबडी समजून वाढवतात.

१. मांसासाठी कोणतं बदक घेऊ?

पहिल्यांदाच पाळत असाल तर पांढरं पेकिन. चांगलं खाद्य मिळालं तर सहा-सात आठवड्यांत सव्वादोन ते अडीच किलो भरतं, अंगावर चरबी धरतं आणि स्वभावाने भित्रं असलं तरी त्रास देत नाही. व्हिगोव्हा सुपर एम नावाचं मांसाचं संकरित बदकही भारतात मिळतं. तेही याच घाटाचं, पांढरं आणि झपाट्याने वाढणारं.

दुसरा पर्याय मस्कोव्ही. तोंडावर लाल गाठी असतात, 'क्वॅक' न करता फुसफुसतं, नर मादीच्या जवळजवळ दुप्पट होतो. मूळ दक्षिण अमेरिकेतली ही वेगळीच जात आहे. बाकी पाळीव बदकं ज्या रानबदकापासून आली त्याच्याशी हिचं जवळचं नातं नाही. मांस लालसर आणि कमी चरबीचं. शेजारी आवाजाची तक्रार करत असतील तर हेच घ्या. पण वाढायला बारा आठवडे किंवा जास्त लागतात, मादी चांगली उडते आणि नखं धारदार असतात. पंखाची पिसं एका बाजूची कापून ठेवावी लागतात.

खाकी कॅम्पबेल हे अंड्यांचं बदक. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी मादी मांसासाठी कुणी विकत नाही. पण अंड्यांच्या फार्मवर नर पिल्लं नको असतात, ती स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, फक्त पेकिनसारखं वजन सात आठवड्यांत मागू नका. पूर्ण वाढलेला नरसुद्धा दोन-सव्वादोन किलोच्या पुढे फारसा जात नाही. केरळातल्या कुट्टनाडची चारा आणि चेंबल्ली ही बदकंही अशीच अंड्यांकडे झुकलेली. भाताच्या खाचरात चरून वाढणारी चिवट जात, पण मांस बेताचं.

२. २५ डिसेंबरला हवं तर पिल्लं कधी आणू?

पेकिन असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ३ नोव्हेंबरला एक दिवसाचं पिल्लू आणलं तर २२ डिसेंबरला ते बरोबर ४९ दिवसांचं होतं. हा दिवस का महत्त्वाचा, ते प्रश्न १५ मध्ये आहे. मस्कोव्हीची पिल्लं सप्टेंबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत आणा.

पिल्लं मिळवण्याचं मात्र आधी बघा. कोंबडीच्या पिल्लांसारखी ती प्रत्येक तालुक्यात मिळत नाहीत. बंगळूरुजवळ हेस्सरघट्टा इथे केंद्र सरकारच्या कुक्कुट केंद्रात बदकांची पैदास होते. खासगी हॅचऱ्याही (अंडी उबवून पिल्लं विकणारी केंद्रं) आहेत. ऑक्टोबरात सगळ्यांनाच पिल्लं हवी असतात, म्हणून ऑर्डर ऑगस्ट-सप्टेंबरात देऊन ठेवा.

३. आमच्याकडे बावखल (वाडीतला पाणी साठवायचा खड्डा) नाही, तळं नाही. तरी जमेल का?

जमेल. मांसाच्या बदकाला पोहायला पाणी लागतच नाही. लागतं ते डोकं पूर्ण बुडवता येईल इतकं खोल पाणी. चोच आणि नाकपुड्या धुता आल्या नाहीत तर खाद्य त्यांत साचून घट्ट होतं, डोळे चिकटतात. मोठ्या बदकांसाठी पाच-सहा इंच खोल घमेलं पुरे. खाद्याच्या भांड्याजवळ पाणी कायम हवं, कारण बदक दर दोन घासांनंतर पाण्याकडे धावतं. कोरडं पीठ खायला देऊन पाणी दूर ठेवलं तर घशात अडकून बदक गुदमरतं.

४. किती जागा लागेल? एकटं बदक ठेवलं तर?

रात्रीच्या खुराड्यात मोठ्या बदकाला प्रत्येकी तीन चौरस फूट धरा. एकटं ठेवू नका. बदक कळपात जगणारं आहे, एकटं पडलं तर ओरडत राहतं आणि नीट खात नाही. निदान तीन घ्या.

खुराड्याची जमीन कोरडी राखणं हेच सगळ्यात कष्टाचं काम. बदकाच्या विष्ठेत बहुतांश पाणीच असतं, वर ते पिताना सांडतं. पाण्याचं घमेलं खुराड्याबाहेर, खड्ड्यावर टाकलेल्या जाळीवर ठेवा. खड्ड्यातलं पाणी केळीला सोडा. आमच्या केळींना वेगळं खत क्वचितच लागतं. अंथरायला भाताचा तूस किंवा पेंढा, आणि रोज वर नवा थर. बुरशी आलेला पेंढा नको.

भिंतीची जाळी बारीक आणि जमिनीत फूटभर गाडलेली असू द्या. मुंगूस आणि ऊदमांजर लहानशा फटीतून वाट काढतात, आणि बदकाला झाडावर चढून जीव वाचवता येत नाही.

५. नवीन पिल्लांना ऊब किती आणि किती दिवस?

पहिले काही दिवस ३० ते ३२ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. आपल्याकडे नोव्हेंबरात दिवसा फारशी गरज लागत नाही, पहाटे मात्र लागतेच. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी आहे, भिंतीला चिकटून चोच उघडी ठेवली तर उकडतंय, सगळीकडे पसरून झोपली तर ठीक. तीन आठवड्यांनंतर सहसा दिवा काढता येतो.

गुळगुळीत जमिनीवर, वर्तमानपत्रावर पिल्लं ठेवू नका. पाय फाकतात आणि मग सरळ होत नाहीत. गोणपाट किंवा खरखरीत कापड घाला.

६. पिल्लांना कोंबडीचं खाद्य चालेल का?

ब्रॉयलरचं स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबडीच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, चालतं, तीन अटींवर.

पहिली: त्यात प्रथिनं २० ते २२ टक्के हवीत. पहिले तीन आठवडे इथे काटकसर करू नका. हाडं आणि पाय याच काळात घडतात.

दुसरी: पोत्यावरची चिठ्ठी वाचा. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात रक्ती हगवणीविरुद्धचं औषध मिसळलेलं असू शकतं. बदक आपल्या वजनाच्या मानाने जास्त खातं, त्यामुळे औषधही जास्त पोटात जातं. औषध नसलेलं खाद्य मागा. दुकानदाराला माहीत नसेल तर पशुवैद्याला चिठ्ठीचा फोटो दाखवा.

तिसरी: नायसिन. हे ब गटातलं जीवनसत्त्व आहे. कोंबडीच्या पिल्लाला दर किलो खाद्यात साधारण ३५ मिलिग्रॅम पुरतं, बदकाच्या पिल्लाला ५५ लागतं. मक्यात नायसिन असतं, पण ते बांधलेल्या रूपात असल्यामुळे पोटात फारसं उतरत नाही. खाद्यात ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट) मिसळा किंवा पशुवैद्याला विचारून पाण्यात बी-कॉम्प्लेक्स द्या.

अंड्यांच्या कोंबडीचं लेअर मॅश वाढत्या पिल्लांना कधीच नको. त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात.

खाद्य थोड्या पाण्यात कालवून द्या. भुरभुरीत ओलं असावं, लापशी नको. दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवा. आपल्या हवेत ओलं खाद्य दुपारपर्यंत आंबतं.

७. पिल्लाचे पाय वाकडे झालेत, चालताना बसतं. काय करू?

पिल्लू दहा-बारा दिवसांचं असेल आणि घोट्याचा सांधा सुजून पाय धनुष्यासारखे वाकले असतील तर आधी नायसिनची कमतरता समजा. त्याच दिवशी पाण्यातून द्यायला सुरुवात करा. लवकर लक्षात आलं तर चार-पाच दिवसांत फरक दिसतो, सांधा कायमचा वाकला तर नाही. गुळगुळीत जमिनीमुळे पाय फाकले असतील तर ते वेगळं, त्यासाठी प्रश्न ५ बघा.

बदकाचे पाय मुळातच नाजूक असतात. कोंबडीसारखं पायांना धरून उलटं उचलू नका. पंख अंगाला लावून, पोटाखाली हात घालून उचला. घाईत असाल तर मानेच्या बुडाशी धरून दुसऱ्या हाताने भार घ्या. कितीतरी 'आजारी' बदकांचे पाय फक्त धरण्याच्या चुकीने निखळलेले असतात.

८. तीन आठवड्यांनंतर घरचंच खाद्य करता येईल का?

येईल. मी वापरते ते १०० किलोचं प्रमाण: मक्याचा भरडा ४५, तांदळाची कणी १५, भाताचा बारीक कोंडा १५, सोयाबीन पेंड २०, मासळीची कुटी ३ आणि जीवनसत्त्वांसह खनिज मिश्रण २ किलो. प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास बसतात. वाढत्या बदकाला १६ ते १८ पुरतात.

कोंडा ताजा घ्या. गिरणीतून आलेला तेलकट कोंडा आठ-दहा दिवसांत खवट होतो. मासळीची कुटी बिनमिठाच्या मासळीचीच हवी. घरी उरलेला खारा सुका जवळा किंवा खारवलेला बांगडा कुटून घालू नका. जादा मिठाने पिल्लं तहानेने कासावीस होऊन मरतात. हा धोका किनाऱ्यावरच्या घरांतच जास्त, कारण सुकी मासळी आपल्या हाताशी असते.

९. उरलेला भात, पोळी, पाव दिला तर खर्च वाचेल ना?

थोडा वाचेल, पण वजनही घटेल. भात आणि पाव पोट भरतात, मांस घडवत नाहीत. तीन आठवड्यांच्या आत अजिबात नको. पुढे, ठरलेलं खाद्य खाऊन झाल्यावर संध्याकाळी मूठभर भात चालेल. मसालेदार, खारट, बुरशी आलेलं, कच्ची कडधान्यं, हिरवे पडलेले बटाटे आणि आवोकाडो मात्र कधीच नको.

१०. अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती), गोगलगाई, केळीचा पाला?

हिरवं द्याच, त्याने बदकं शांत राहतात. पण हिशोब नीट समजून घ्या. अझोल्यात कोरड्या वजनावर २० ते २५ टक्के प्रथिनं असतात असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. बादलीभर अझोला खाऊनही पोटात मूठभरच सत्त्व जातं. म्हणून तो खाद्यासोबत द्या, खाद्याऐवजी नाही. गोगलगाई आणि किडे बदकं स्वतः शोधतात. वाडीत सोडली तर पालेभाजीचे वाफे आधी झाका. केळीचा पाला चिरून दिला तर चघळतात, पण त्यात पोषण फारसं नाही.

११. शेंगदाणा पेंड स्वस्त मिळते. सोयाबीनऐवजी घालू?

नको. बुरशीच्या विषाला, म्हणजे अफलाटॉक्सिनला, बदकाचं पिल्लू सगळ्या पाळीव पक्ष्यांत अतिशय नाजूक असतं. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची हजारो पिल्लं कारण न कळता मेली, बदकांची पिल्लंही मेली. शोध घेतल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड. तिथूनच या विषाचा शोध लागला.

आपल्याकडे पावसाळ्यात साठवलेली पेंड आणि मका या दोन्हींवर बुरशी धरते, आणि डोळ्यांना दिसत नसली तरी विष असू शकतं. मी एका वर्षी ओलसर पोत्यातला मका उन्हात वाळवून घातला. वाळवल्याने बुरशी मरते, विष राहतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सोळापैकी अकरा पिल्लं आठवड्यात गेली. तेव्हापासून वास आला की पोतं परत, चर्चा नाही. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि एकदम महिनाभराचं भरू नका.

१२. एका बदकाला एकूण किती खाद्य लागतं? परवडतं का?

पेकिन सात आठवड्यांत सात ते आठ किलो खाद्य खातं. त्याला तुमच्या गावच्या भावाने गुणा, पिल्लाची किंमत मिळवा आणि दहातलं एखादं दगावेल हे धरा. अडीच किलोच्या बदकातून पिसं, आतडी काढून पावणेदोन किलोच्या आसपास मांस हाताला लागतं. बाजारभावापेक्षा फार स्वस्त पडेल या आशेने करू नका. आपण काय खाऊ घातलं हे माहीत असलेलं बदक ताटात येतं, यासाठी करा.

१३. बावखलात कधी सोडू? पिल्लं तर जन्मतःच पोहतात.

आईसोबतची पिल्लं पोहतात, कारण आईच्या पिसांचं तेल त्यांच्या अंगाला लागतं आणि थंडी वाजली की ती आईच्या पंखाखाली शिरतात. हॅचरीतून आलेल्या पिल्लाला यातलं काहीच नसतं. त्याची लव भिजते, अंग गारठतं आणि ते बुडतं किंवा रात्री मरतं. अंगावर खरी पिसं येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे, थांबा. तोवर उथळ भांडं, पिल्लांना चोच बुडवता येईल पण आत बसता येणार नाही असं.

बावखलात मासे असतील तर संख्या मोजून ठेवा. मत्स्यशेतीत हेक्टरी २०० ते ३०० बदकांचं प्रमाण धरतात, म्हणजे गुंठाभर पाण्याला दोन-तीन. जास्त सोडली तर पाणी हिरवं होऊन मासे गुदमरतात. साचलेल्या, मेलेले मासे पडलेल्या पाण्यात तर अजिबात सोडू नका. कुजलेल्या मांसावरच्या अळ्या खाल्ल्या की बदकाची मान लुळी पडते आणि ते मरतं.

१४. लस कोणती? बर्ड फ्लूची भीती वाटते.

बदकांचे दोन मोठे रोग म्हणजे डक प्लेग आणि डक कॉलरा. दोन्हींच्या लसी आहेत. पण सात आठवड्यांत कापायच्या बदकाला कोणती, कधी द्यायची हे तुमच्या भागात काय चाललंय त्यावर ठरतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्लं आणण्याआधीच विचारा. हिरवट पातळ विष्ठा, चिकट डोळे, उजेड नकोसा होणं आणि पटापट मरणं दिसलं तर वाट बघू नका.

बर्ड फ्लूबाबत एक गोष्ट नीट लक्षात घ्या: कोंबड्या दोन दिवसांत मरतात, बदक मात्र कधीकधी आजारी न दिसताही विषाणू बाळगतं. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातली पहिली साथ आली ती कोंबड्यांमध्ये, तर २०१४ मध्ये कुट्टनाडमध्ये बदकांचे कळपच्या कळप गेले. म्हणून बदकं आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नका, आणि रानपक्षी उतरतात तिथे खाद्य उघडं टाकू नका. एकाएकी दोन-चार मेली तर दवाखान्यात कळवा. मेलेलं बदक खाऊ नका, विकू नका, खाडीत फेकू नका. निरोगी बदकाचं मांसही आतपर्यंत ७० अंशांच्या वर शिजवा. मोईलसाठी आपण जितका वेळ शिजवतो तो पुरेसा असतो.

१५. कापायचा नेमका दिवस कोणता? गेल्या वर्षी पिसं निघता निघेनात.

हे वजनावर नाही, वयावर ठरतं. पेकिनला साधारण सात आठवड्यांना पहिली पिसं पूर्ण येतात. त्यानंतर काही दिवसांतच नवीन पिसं फुटू लागतात आणि कातडीत शेकडो काळपट-पांढरे खुंट दिसतात. ते एकेक चिमट्याने उपटावे लागतात. सातवा आठवडा चुकला तर बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत थांबणं बरं. आदल्या दिवशी छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला करा. खाली खुंट नसतील तर दिवस योग्य आहे.

आठ तास आधी खाद्य बंद, पाणी चालू. बाकीच्या बदकांसमोर कापू नका. धारदार सुरी, तळाला भोक असलेला डबा किंवा शंकू, बदक त्यात डोकं खाली करून, आणि एकच नेमका घाव. घाबरलेल्या, धडपडलेल्या बदकाचं मांस घट्ट होतं. त्याहून मोठी गोष्ट ही की सात आठवडे आपण ज्याला वाढवलं, त्याला शेवटी त्रास होता कामा नये. हात थरथरत असतील तर जाणत्या माणसाला बोलवा.

पाणी ६० ते ६५ अंश, बदक एक ते तीन मिनिटं बुडवून हलवत राहा. पिसांवर तेल असल्यामुळे पाणी आत शिरत नाही. बादलीत भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका. उकळतं पाणी वापरलं तर कातडी फाटते. उरलेल्या लवेसाठी गरम पाण्यावर वितळलेलं मेण: त्यात बुडवा, लगेच गार पाण्यात, आणि साल काढावी तसं सोला.

१६. मांसाला मासळीचा वास आला. का?

शेवटच्या दोन आठवड्यांत मासळीची कुटी बंद करायला हवी होती. तिच्याऐवजी सोयाबीन पेंड वाढवा आणि मक्याचा भरडा तसाच ठेवा.

१७. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी बसवू का?

बसवा, सात-आठच. पेकिनला २८ दिवस, मस्कोव्हीला ३५. कोंबडी आपल्या २१ दिवसांच्या सवयीने कंटाळून उठू शकते, त्यामुळे मस्कोव्हीचं जोखमीचं. अंडी जड असल्यामुळे कोंबडीला नीट फिरवता येत नाहीत, ती खायला उठली की तुम्ही फिरवा आणि शेवटच्या आठवड्यात कोमट पाण्याचा हात लावा. पिल्लं निघाली की ती कोंबडीच्या मागे राहतात, पण तिच्या पंखांचं तेल त्यांना पुरत नाही. प्रश्न १३ मधला नियम इथेही लागू.

१८. बावखलात रानबदकं उतरतात. एखादं धरून वाढवलं तर?

नाही. हळदी-कुंकू बदक असो की अडई, ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. धरणं, पाळणं, मारणं, अंडी उचलणं, सगळं गुन्हा. आणि रोगाचं कारण प्रश्न १४ मध्ये दिलंच आहे.

१९. मुलांना एका जोडीचा लळा लागला. ती ठेवली तर जगतील का?

जगतील, पण खाद्य त्याच दिवसापासून बदला. पेकिनला मांसाचं खाद्य पोटभर देत राहिलं तर ते इतकं जड होतं की पाय भार पेलत नाहीत. मोजून द्या, सकाळ-संध्याकाळ, आणि दिवसभर चरायला सोडा. अंडी सुरू होतील तेव्हा, साधारण सहाव्या महिन्यात, लेअर मॅश द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. नर ओळखायचा तर शेपटीवर वर वळलेलं पीस आणि घोगरा दबका आवाज. मोठ्याने 'क्वॅक' करते ती मादी. जोडी म्हणून दोन्ही नर ठेवले नाहीत ना, एवढं आधी बघा. एका नराला चार-पाच माद्या बऱ्या. एकच मादी ठेवली तर नर तिच्या मानेची पिसं ओरबाडतो.